घरटी एक लाकूड

२००६च्या उन्हाळ्यात मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी निरगुडसरमध्ये, म्हणजे आमच्याच गावात, घरोघर विचारत फिरत होतो: चुलीत काय जाळता? साळुबाईकाकींनी मला ओट्यावर बसवलं.

"आदेश, पुण्यात शिकून हेच व्हय रं? दुसऱ्याच्या चुलीत डोकवायचं?"

मला पडलेला प्रश्न साधा होता. गावातली निम्मी घरं गॅसवर गेली होती, लाकूड कमी लागत होतं. मग बांधावरच्या बाभळी वाढायला हव्या होत्या. त्या तर नाहीशा झाल्या होत्या.

उत्तरासाठी लांब जावं लागलं नाही. नदीच्या वळणावर भिकाची वीटभट्टी होती. पुण्याजवळ मोशीकडे इमारती उठत होत्या, त्यांच्या विटा इथे भाजत होत्या आणि कोळशाच्या जोडीला आमच्या बांधांवरची लाकडं जळत होती. झाडं सगळ्यांनीच विकली होती. काकींचे यजमान धर्माजीनाना यांनीही विकली होती, मुलाचं, सोपानचं मोशीतलं घर उभं राहत होतं तेव्हा.

त्याच आठवड्यात काकी गेल्या. सकाळी चहा गाळायला बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

मयत झालं की आमच्याकडे घरटी एक लाकूड येतं. ते मागायचं नसतं, विकत आणायचं नसतं; ज्या घराचं त्या घरानेच खांद्यावर वाहून आणायचं. माणूस गावाचं होतं, एवढंच त्यातून सांगायचं असतं.

दुपारी नदीवर माणसं जमली. सोपानने गोठ्याची मेढ उपटून आणली होती. गेणभाऊंनी टोमॅटोच्या खोक्याच्या फळ्या आणल्या. कुणी बाजेचा पाय, कुणी जुनी चौकट. सारजाबाईंनी पाटीभर गोवऱ्या पाठवल्या. सगळं रचून झालं तेव्हा सरण गुडघ्याएवढं होतं. कुणी कुणाकडे बघेना. किती उष्णता लागते आणि यातून किती मिळेल, हे मला सांगता आलं असतं. त्याची गरज नव्हती, सगळ्यांना दिसतच होतं.

"नाना, मंचरातून गाडी भरून आणतो," सोपान म्हणाला.

"इकतची?"

"मग काय करायचं?"

"तुजी आय कुनाच्याबी मातीला लाकूड धाडल्याबिगर ऱ्हायली न्हाई. तिला इकतच्या लाकडावर न्हाई निजवायची."

"अन् हे पुरंल का?"

 उन्हं कलायला लागली होती.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. भिका खाली उतरला. मागे ट्रॉलीभर बाभळीचे ओंडके होते.

"पैशाचं नाव काढू नका, नाना. काकीच्या हातचं लई खाल्लंय. हितंच वतू का?"

"आमचीच लाकडं, अन् आमच्यावरच उपकार," गेणभाऊ पुटपुटले.

"इकली तवा ग्वाड लागली की, गेणभाऊ," भिका म्हणाला.

"गप बसा दोघं," नाना म्हणाले. ते ट्रॉलीपाशी गेले, एका ओंडक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग सरणाकडे पाहिलं.

"वतू नगं, भिका. ही भट्टी न्हाई. घरचं लाकूड खांद्यावरनं येतं."

भिकाने भरलेल्या ट्रॉलीकडे एकदा पाहिलं. मग टॉवेलाची घडी खांद्यावर ठेवली आणि पहिला ओंडका उचलला. तो सरणावर ठेवून दुसऱ्यासाठी परतला. भट्टीवरचा गडी पुढे झाला, त्याला त्याने मानेनेच थांबवलं. ओंडक्यांच्या सालीने भिकाची मान खरचटली होती.

सोपानला राहवलं नाही. त्याने जाऊन एका ओंडक्याचं दुसरं टोक धरलं.

"सोड ते," नाना म्हणाले. "आपलं देऊन झालंय."

सोपान मागे सरला. आमचंही देऊन झालं होतं. आम्ही सगळे हात बांधून उभे राहिलो, आणि भिका पुन्हा ट्रॉलीकडे गेला.