मशीनची घरघर

माझे गुडघे गेले म्हणून माझ्या मुलानं, राजेंद्रनं, कामशेतच्या घरात माझ्या खोलीलगत संडास बांधून दिला. ड्रेनेजची लाईन वरच्या अंगाला, म्हणून कमोडमागे मशीन बसवलं. ते सगळं दळून वर ढकलतं. पण बटण दाबलं की अशी घरघर होते की हॉलमधले पाहुणे बोलता बोलता गप्प होतात. लाजेनं मी पाणी पिणंच कमी केलं.

परवा चक्कर आली, तेव्हा सुनेला, चैतालीला, खरं सांगितलं. "लहानपणी पवनेकाठी आम्हाला आडोसा झुडपांचाच. पण माझी मैत्रीण चंपा वाटेवर उभी राहून मोठमोठ्यानं बोलायची. मग तिकडं कुणी फिरकायचं नाही."

"बोलावू का चंपामावशींना?" ती हसली.

रविवारी पाहुणे आले, आणि मला जावंच लागलं. बटणावर बोट ठेवून मी थांबले, तोच स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. मी बटण दाबलं.

बाहेर येऊन पाहते तर मिक्सरचं भांडं रिकामंच.

"अगं, काय वाटत होतीस?"

"काही नाही, आई. आधी पाणी घ्या."

तिनं तांब्या पुढं केला. मी सगळा प्यायले.