चौदाव्या खांबावरची नान

खाचेत पुन्हा धूळ साचली होती — बोटभर खाच, निळ्या चिनीमातीच्या वर्तुळाच्या उजव्या कडेला — आणि मुकद्दसने रुमालाचं टोक आत घालून ती पुसली, जशी एकोणचाळीस वर्षं पुसत आली होती, येताजाता, गाडीची वाट बघतेय असं दाखवत...

ताश्कंदच्या या भुयारी स्टेशनात सोळा खांब आहेत, सगळे बुटके आणि जाड, कारण इथली जमीन हलते. मुकद्दस सहा वर्षांची असताना एका पहाटे ती अशी हलली की अर्धं शहर खाली बसलं, आणि पुढे ज्यांनी जमिनीखाली बांधलं त्यांनी उंचीचा मोह धरला नाही. प्रत्येक खांबावर डोळ्यांच्या उंचीला चिनीमातीची एक गोल नान, इथल्या रोटीसारखी, मधोमध ठशांची नक्षी. पंधरा अख्ख्या. चौदाव्या खांबावरची तेवढी...

"उंदरानं खाल्लीय," झाडूवाली सलोमत बादली सरकवत म्हणाली. "बारा वर्षं सांगतेय. कुणी ऐकतं का?"

"चिनीमाती खाणारा उंदीर म्हणजे मेट्रोचाच नोकर," जहाँगीर म्हणाला. दुरुस्तीचं काम त्याच्याकडे होतं. मुकद्दस त्याच्या आजीच्या वयाची, तरी तो तिला ओपा, ताई, म्हणे. "ओपा, आराखड्यात सोळाही अख्ख्या आहेत. जुना फोटो नाही, तेव्हा इथे कॅमेरा काढला की पोलीस यायचे. हे सगळं घडवणाऱ्या तुमच्या कार्यशाळेतलं आता तुमच्याशिवाय कोणी नाही. 'नंतर तुटली' एवढं लिहून सही करा, सोमवारी नवी बसवतो."

तिने कागद घेतला. आराखड्याशी ती आयुष्यात एकदाच खोटं वागली होती.

झाकीर बोगदा खोदणाऱ्यांतला. इथलं खोदून झालं आणि त्याला सायबेरियातल्या एका शहराखाली खोदायला बोलावणं आलं. निघताना त्याच्या आईने नान पुढे धरली, त्याने एक घास तोडला, उरलेली आईने भिंतीला टांगली — परत येऊन त्यानेच संपवायची, अशी रीत. मुकद्दस गल्लीच्या तोंडाशी उभी होती. सोयरीक न झालेल्या मुलीने कुणाची नान टांगायची नसते... त्याच आठवड्यात कार्यशाळेत चौदावी नान तिच्या पुढ्यात ओली होती. तीन पत्रं आली. मग एकही नाही. त्याची आई वारली, घर रुंद रस्त्याखाली गेलं, भिंतीवरची नान कुठे गेली कोण जाणे. उरली ही. आणि ही अख्खी झाली तर — तर कोणी गेलंच नव्हतं.

गाडी आली, माणसं उतरली, गेली.

"थांबा," जहाँगीरचं बोट खाचेत होतं. "आतही झिलई आहे. तुटली असती तर कोरी माती लागली असती. ही भट्टीत जाण्याआधीच..." त्याने मोबाइलचा दिवा धरला आणि हसला. "दात आहेत की, ओपा. बारीक दात. कुणा मुलीचा उद्योग दिसतोय."

"मी म्हटलं नव्हतं, खाल्लीय म्हणून?" सलोमत म्हणाली.

बारीक दात. मुकद्दसच्या जिभेवर ओली माती आली, गार, किंचित खारट, जशी तेव्हा... झाकीर त्या दिवशी तीन हजार किलोमीटर दूर होता. त्याने या नानीला कधी हातही लावला नव्हता. इतकी वर्षं ती त्याचा घास सांभाळत आली, आणि घास घेतला होता चोवीस वर्षांच्या एका मुलीने, दार लावून, डोळे मिटून. रीत तर साफ आहे — ज्याने तोडला, त्यानेच परत यायचं; म्हणजे त्या मुलीने.

"मग काय लिहिताय, ओपा?"

पेन तिच्या हातात होतं. ती खांबांच्या रांगेकडे, जिन्याकडे बघत होती, उतरणाऱ्या माणसांत. आणि तिच्या ध्यानात आलं, की आज पहिल्यांदाच ती त्यांच्यात झाकीरला शोधत नाहीये.