नऊ सेकंदांचा हशा

दादाचा कुठला विनोद जगणार आणि कुठला मरणार, हे त्याची धाकटी बहीण ठरवायची. दिवसा ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करी आणि संध्याकाळी दादाच्या चाचणी-प्रयोगांना शेवटच्या रांगेत स्टॉपवॉच घेऊन बसे. प्रत्येक विनोदापुढे हशा किती सेकंद टिकला ते लिहायचं. सहाच्या खाली गेला की विनोद बाद. स्टेजवर उभं राहिलं की सगळाच हशा मोठा वाटतो, म्हणून दादा स्वतःच्या कानांपेक्षा तिच्या कागदावर विश्वास ठेवी. "आमच्या शास्त्रज्ञबाईंचा आकडा म्हणजे आकडा," असं तो चारचौघांत सांगे.

दादाचं नाव झालं ते आईमुळे. तीन वर्षांपूर्वी आईने चपला फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दूध दाराबाहेर. दादाने ते स्टेजवर सांगितलं, तिच्या चालीसकट, आवाजासकट. लोक खुर्च्यांवरून पडायचेच बाकी राहिले. पोस्टरवर त्याच्या चेहऱ्याशेजारी चपलांचा जोड आला आणि दादा दर रविवारी आईकडे जाऊ लागला. एवढा मोठा झाला, पण आईला अंतर दिलं नाही, असं शेजारी म्हणत. त्याच्या खिशातला फोन आईचं बोलणं टिपत असतो, हे बहिणीला ठाऊक होतं. तिला किळस येई. तरी सेकंद मोजायला ती जातच होती.

आता पुढच्या महिन्यात दादाच्या कार्यक्रमाचं मोठं चित्रीकरण होतं. आईची ती चाल घरोघर पोचणार होती.

त्या रविवारी बहीण जरा लवकर गेली. आई ओट्यापाशी उभी राहून आपला चष्मा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळत होती. नीट हवा काढून तिने गाठ मारली आणि पुडकं पिठाच्या डब्यात खोल खुपसलं.

"आई, हे काय?"

आई दचकली. मग हात झटकत म्हणाली, "पिशवी नको का? काचांना पीठ लागलं की निघता निघत नाही."

"म्हणजे तुला सगळं कळतंय?"

"न कळायला काय झालं? चपलांचं तेवढं खरं होतं. तेव्हा बाळ दोन तास बसला. पुढच्या खेपेला मी धड होते, तर दहा मिनिटांत उठला."

"अगं, लोक तुला हसतात!"

"हसू देत. माझं काय जातंय? तू कधी दोन तास बसलीस गं?"

तेवढ्यात दादा आला. आई कपाळाला हात लावून पलंगाखाली चष्मा शोधायला लागली आणि दादा तिच्या मागे मागे. "आठव ना आई, शेवटी कुठे काढलास?" त्याचे डोळे लकाकत होते.

गुरुवारी पिठातला चष्मा स्टेजवर आला. नऊ सेकंद. बहिणीने घड्याळ दोनदा पाहिलं आणि कागदावर पाच लिहिलं. चपलांपुढे चार. याआधी तिने कधी खोटा आकडा लिहिला नव्हता.

"मला तर आज जोरात वाटला," दादा म्हणाला.

"तुला कधी हळू वाटलाय?"

"हं. म्हातारी जुनी झाली म्हणायची." त्याने आईचा अख्खा भाग कापला.

चित्रीकरण आईविना पार पडलं. आई सुटली, असं बहिणीला वाटलं. दादा मात्र तीन रविवार फिरकला नाही. चौथ्या रविवारी आईचा फोन आला.

"बाळाला सांग, मी गॅसवर दूध ठेवून खाली गेले होते."

"खरंच विसरलीस?"

"खरं असलं तरच येणार आहे का तो?"

बहीण धावत गेली. घरभर करपट वास होता. काळं ठिक्कर पातेलं न घासता खिडकीजवळ मांडून ठेवलं होतं आणि आईच्या तळहातावर रुपयाएवढा फोड आला होता.

"फोटो काढ," आई म्हणाली. "तिथून नको, उजेडाच्या बाजूने."

बहीण तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ही विसरली होती की नव्हती, हे मोजायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तिने फोटो काढला आणि पाठवला.

लगेच उत्तर आलं: 'अर्ध्या तासात पोचतो. तिला काही विचारू नकोस, ताजं राहू दे.'

"येतोय?"

बहिणीने मान हलवली आणि मलम शोधायला उठली. आईने फोडाचा हात मागे घेतला.

"थांब गं. त्याला बघू दे आधी."