झाकलेल्या मशिनी

शेवंताबाईंचे पत्र आले तेव्हा केवलराम पोह्यांवर लिंबू पिळत होते. लिंबू हातातच राहिले. त्या पत्राला उत्तर लिहायचा धीर त्यांना होईना, आणि तेव्हापासून स्मृति नगरच्या आपल्या घरात त्यांना धड झोपही लागली नाही.

पत्र साधेच होते. शेवंताबाई म्हणजे त्यांचा जुना मित्र चंपत याची बायको. रेल्वेत फिटर असलेला चंपत वारल्यावर तिने जवळच्या चरोद्याला खोली भाड्याने घेतली, कर्जावर दोन शिलाई मशिनी आणल्या आणि कामगारांसाठी जाड कापडाचे हातमोजे शिवायला सुरुवात केली. महिन्याला हजार जोड्या जात. दुकानदार जोडीला चाळीस रुपये देत. आता एक ठेकेदार आणखी हजार जोड्या मागत होता, पण तीस रुपयांनी, आणि पैसे तीन महिन्यांनी.

‘भाऊ, तुमी प्लांटात जिंदगीभर हिशेब केला. घेऊ का नको, तेवढं लिहा. फोनवर बोलाले तुमी बुजता, मले माहीत आहे. ठेकेदार इतवारी येनार आहे.’

कारखान्याच्या हिशेब खात्यात जिंदगीभर हिशेब केला हे खरे. पण केवलराम नुसता कागद तयार करत. सही वरचा साहेब करायचा. इथे सही त्यांचीच असणार होती. आणि चुकले तर? कर्जवाले मशिनी उचलून नेताहेत आणि शेवंताबाई दारात उभी आहे, हे चित्र जेवताना, दाढी करताना, कुठेही डोळ्यांपुढे येई.

“घाबरून राहिले का?” त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, ताटावर विचारले.

“नाही.”

“मंग पोळी पाण्यात कावून बुडवून राहिले? वरण इकडं आहे.”

अखेर पत्रातल्या आकड्यांवरून त्यांनी नोकरीतल्या रीतीने हिशेब मांडला. तिथे मालाच्या प्रत्येक नगावर साऱ्या खर्चाचा वाटा चढवत. दिव्यांचा, पंख्यांचा, साहेबाच्या खुर्चीचासुद्धा. कापड, धागा, शिलाईची मजुरी मिळून चोवीस रुपये. खोलीचे भाडे आणि मशिनींचा हप्ता मिळून महिन्याचे नऊ हजार, म्हणजे जोडीमागे नऊ. एकूण तेहेतीस. मिळणार तीस. ‘घेऊ नका. जोडीमागे तीन रुपये बुडतील,’ असे लिहून त्यांनी पाकीट बंद केले. सिविक सेंटरच्या पोस्टाच्या पेटीसमोर जाऊन उभे राहिले. हात उचलेना. पाकीट खिशात घेऊन घरी आले.

“तिथं जाऊन तं या,” मथुराबाई म्हणाल्या. “आपल्या हातानं द्या. खाऊन नाही टाकत ते तुमाले.”

बुधवारी दुपारी ते ऑटोने चरोद्याला गेले. शेवंताबाईंनी खुर्ची पुसून दिली. केवलरामांचा हात खिशातल्या पाकिटावर होता, आणि नजर समोर. दोन्ही मशिनी जुन्या साडीने झाकलेल्या होत्या.

“बंद कावून?” कसेबसे त्यांच्या तोंडून निघाले.

“दुकानदारायले लागते तेवढं दुपारवरी शिवून होते न, भाऊ. मंग शिवनाऱ्या बाया घरी जातेत, आन मी आन मोनाली बसतो माश्या मारत.” मोनाली तिची लेक. “भाडं मात्र बसून नाही राहत.”

केवलरामांनी मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडला. भाडे बसून राहत नाही. मशीन चालो की झाकलेली राहो, ते नऊ हजार ती भरतच होती, तेही चाळीसच्या कमाईतून. नव्या जोडीवर नवा खर्च फक्त चोवीसचा. तीन बुडणार नव्हते. सहा उरणार होते. आणि खिशात ‘घेऊ नका’ होते, तिकीट लावलेले.

धीर करून त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “कापडाले पैसे... हायत का जवळ?”

“कुठचे? दुकानदार देते तवा घेतो.”

घ्या म्हणावे, तर कापड आणि मजुरी मिळून चोवीस हजार आधी ओतायचे आणि तीन महिने हात चोळत बसायचे. मधला हप्ता कुठून भरणार? नफा असूनही ती बुडाली असती.

“एक कागद देता का?” ते म्हणाले.

कोपऱ्यातल्या कापायच्या टेबलावर, पाठ करून, त्यांनी लिहिले. ‘ऑर्डर घ्या. भाडे आणि हप्ता तुम्ही तसाही भरता, म्हणून तो यात धरू नका. मात्र कापडाचे आणि मजुरीचे जोडीमागे चोवीस रुपये आधी मागा. उरलेले सहा तीन महिन्यांनी आले तरी चालतील. आधी देत नसेल, तर सोडून द्या. हा भाव दुकानदारांना कळू देऊ नका, नाहीतर तेही तीसच देतील.’ खाली सही केली. जुना कागद फाडला. पाकीट नवे मागून घेतले आणि जुन्यावरचे तिकीट सोडवून त्यावर चिकटवले.

“आता तं हातातच द्या न, भाऊ.”

“नाही. तुमी वाचसान, अन् मी समोर राहीन.”

“पेटी आमच्याच गल्लीत आहे. पोस्टमन हेच पाकीट इथंच आनून देईन.”

“इतवारच्या आधी देईन न?”

“देईन,” ती हसली. “नाही आलं तं मी पोस्टात जाऊन बसतो.”

ती दारात उभी राहून बघत होती. गल्लीच्या टोकाला केवलरामांनी पेटीच्या तोंडात पाकीट सरकवले. ते अर्ध्यावर अडले. अजून ओढून घेता आले असते. त्यांनी डोळे मिटले आणि बोटाने ते आत ढकलले.