वस्तादकीची सायकल

ज्ञानू वस्ताद वारले आणि तालमीतली त्यांची जागा रिकामी झाली. ती माझीच, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. सत्तावीस वर्षं मी त्या हौद्यातली माती खणली, तिच्यात ताक-तेल घातलं, नव्या पैलवानांना डाव शिकवले. मूलबाळ नाही, शेताचा तुकडा भावाकडं. तालीमही हातची गेली तर सकाळी उठून जायचं कुठं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

त्रेपन्न सालच्या दसऱ्यानंतर आमचे अध्यक्ष हंबीरराव यांच्या डोक्यात खूळ शिरलं. पुण्याच्या कुस्त्यांना यंदा मोटारीनं नाही, सायकलींवर जायचं. बारा सायकली, तीन मुक्काम, सगळ्यांत पुढं तालमीचा झेंडा. झेंडा ज्याच्या सायकलीवर, तोच नवा वस्ताद. निघायच्या आठ दिवस आधी कळंब्याच्या तळ्यापर्यंत एक सरावाची फेरी. सगळ्यांनी माझ्याकडं बघून माना डोलावल्या. मीही डोलावली. मला सायकल येत नव्हती.

शेहेचाळिसाव्या वर्षी हे सांगायचं कुणाला? सायकलीनं पैलवानाची मांडी वाळते, असं वस्ताद सांगायचे. ते थकल्यावर बाकीच्यांनी गुपचूप सायकली घेतल्या. आमच्यातला सयाजी तर रोज सायकलनं हुपरीला चांदीच्या कामाला जायचा. गुरूचा शब्द पाळणारा शहाणा मी एकटाच उरलो.

सांगितलं ते फक्त बायकोला, बनाबाईला. ती हसली नाही. मागनं मी धरते, म्हणाली. भावाची उंच सायकल मागून आणली आणि रोज उजाडता उजाडता आम्ही कळंब्याच्या वाटेवरच्या माळावर जायला लागलो. लुगडं वर खोचून, कॅरिअर धरून ती मागं धावायची. चाळिशी उलटलेली बाई, धापा टाकायची, खोकायची, पण सोडायची नाही. मी पडलो की शिव्या तिला. कोपरं माझी सोलवटत होती, म्हणून तोंड माझंच सुटायचं.

दहाव्या दिवशी तोल सापडला. पण उतरता येईना. मी बुटका, सायकल थांबली की पाय जमिनीला पोचत नव्हते. दगडावर पाय ठेवून चढता यायचं. उतरताना मात्र चालत्या सायकलीवर उजवी टांग मागून फिरवावी लागते आणि माझी टांग फिरत नव्हती. याला कारण माझंच डोकं. पल्ला लांबचा म्हणून मी रोज हजार बैठका मारत होतो. पैलवानाला तयारी म्हटली की दुसरं काय सुचणार? मांड्या दगडासारख्या झाल्या. बैठका थांबवा, असं बनाबाई म्हणाली, तेव्हा तुला काय कळतंय म्हणून मी दीड हजार सुरू केल्या. मग रोज तीच माळाच्या टोकाला उभी राहायची, हँडल धरायची आणि मला उतरवून घ्यायची.

फेरीच्या दिवसापर्यंत टांग फिरली नाही. तळ्यापाशी एक कट्टा आहे, त्यावर पाय टेकवून उतरू, असं मनाशी ठरवलं आणि निघालो. झेंडा माझ्या हँडलला बांधला होता. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. तेवढा वेळ मी वस्ताद होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.

तळ्यावर पोचलो तर कट्टाभर बघायला आलेली माणसं बसलेली. बाकीचे अकराजण टपाटप उतरले. मी एक चक्कर मारली. दुसरी मारली. हंबीररावांना वाटलं मी ऐट दाखवतोय. तिसऱ्या चकरेला सायकल डुलायला लागली.

तेवढ्यात गर्दीतून बनाबाई पुढं आली. मला न सांगता ती पहाटेच चालत येऊन थांबली होती. आमच्या तालमीच्या उंबऱ्यालाही बायका शिवत नाहीत, आणि ही सगळ्या पैलवानांच्या मधोमध, पदर कमरेला खोचून, दोन्ही हात पुढं करून उभी.

"या," ती म्हणाली. "मी हाय."

एवढंच करायचं होतं, तिच्या हातात जाऊन थांबायचं. सगळी तालीम बघत होती. मी हँडल दुसरीकडं वळवलं.

उतारावरून गडगडलो, उजवं मनगट मोडलं. सयाजीनं झेंडा उचलून धूळ झटकली. हंबीररावांनी तो त्याच्या सायकलीला बांधला. मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही.

आठ दिवसांनी अकरा सायकली आमच्याच गल्लीतून पुण्याला निघाल्या. घंटांचा आवाज लांब जाईपर्यंत मी हात गळ्यात बांधून घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. या आठ दिवसांत बनाबाईनं मला आंघोळ घातली, घास भरवले, पण त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं. आता ती चहा घेऊन आली.

"त्या दिवशी माझं हात दिसलं न्हाईत व्हय तुमास्नी?"

डोळ्यांत धूळ गेली होती, असं म्हणता आलं असतं. तेवढी पळवाट ठेवूनच तिनं विचारलं होतं.

"दिसलं हुतं," मी म्हणालो.

आठ दिवस ती कपबशी माझ्या डाव्या हातात देत होती. या वेळी तिनं ती जमिनीवर ठेवली आणि आत गेली.