बारा घरांचं दळण

"वीणाचं मागच्या वेळी जरा जाड झालं होतं, केरूभाऊ. भाकरी थापताना कडा फुटत होत्या म्हणाली."

अनुपमाताईंनी गाडीच्या डिकीतून शेवटची पिशवी काढता काढता तक्रार सांगितली. केरू वरमला. सतरा वर्षं दुबईत, अल कुसैसच्या त्या एकाच गिरणीवर उभं राहिलेल्या माणसाला 'जाड झालं' हे ऐकणं म्हणजे भर बाजारात टोपी पडल्यासारखं होतं.

"आसं व्हय? वीणाताईंना म्हणावं, या बारीला मैद्यावानी काढून देतो. आन् मुरलीधरसायबांचं?"

"त्यांचं छान झालं होतं. शोभनाताईंनी मात्र या वेळी बाजरी थोडी कमी दिलीय. दोनच किलो."

केरूने पिशव्या भिंतीशी ओळीने मांडल्या. बारा होत्या. जुन्या चादरींच्या, ताईंनी स्वतः शिवलेल्या, प्रत्येकीवर काळ्या मार्करने नाव, त्याखाली इमारत आणि फ्लॅटचा नंबर. केरूला वाचायची गरज नव्हती. निळ्या फुलांची वीणाताईंची, पट्ट्यापट्ट्यांची मुरलीधरसाहेबांची.

गिरणी म्हणजे खैरुद्दीनच्या किराणा दुकानाची मागची खोली. एक मोटर, दोन दगड, एक चाळणी आणि छताला पिठाची जाळी. खैरुद्दीन मलबारचा, केरू संगमनेरकडचा. दोघांची हिंदी दोन वेगवेगळ्या दिशांनी लंगडायची, पण भांडण कधी झालं नव्हतं. दगड सुरू झाले की केरू तळहात पिठाच्या धारेखाली धरायचा. पीठ अंगापेक्षा जास्त गरम लागलं की दगड थोडे सैल करायचे. जास्त तापलेल्या पिठाची चव जाते. मीटर नाही, काटा नाही. तळहात.

हा बारा घरांचा नेम ताईंनीच घालून दिला होता. पहिल्यांदा आल्या तेव्हा तासभर उभ्या राहून प्रश्न विचारत होत्या. दगड कुठला, झिजलेल्या दगडाला किती दिवसांनी टाकी लावता, बाजरीनंतर गहू दळला तर काय होतं. मग म्हणाल्या, "केरूभाऊ, मॉलमधलं पॅकेट कुठे दळलं, कधी दळलं, काही पत्ता नसतो. वर प्लास्टिक. पाच दिरहम, म्हणजे पासष्ट रुपये, कशाचे? तुमची गिरणी माझ्या दारापासून चारशे पावलांवर. आपल्या वस्तीतला माणूस चालला तर वस्ती चालते."

"पर ताई, जवारी तर बोटीतूनच येती की. सोलापूरहून."

ताई हसल्या होत्या. "दाणा लांबचा असू दे. दळणारा तर जवळचा आहे ना!"

त्यांनी घरं जमवली. सगळ्यांची ज्वारी एकाच दिवशी, गुरुवारी, म्हणजे दगड मधे मधे साफ करायला नकोत आणि पीठही वाया जायला नको. पिशव्या आणायची पाळी आधी घराघराने फिरायची. वीणाताई आल्या की दाराशीच "यल्ला, यल्ला, केरूभाऊ" अशी घाई करायच्या. मुरलीधरसाहेब पिठाला घाबरून ऑफिसच्या शर्टावर टॉवेल टाकून उभे राहायचे. गेल्या एप्रिलपासून मात्र सगळं दळण ताईच आणत होत्या.

"सगळ्यांची फार धावपळ झालीय हो," त्या म्हणाल्या होत्या. "नोकऱ्या टिकवायच्या म्हणजे रात्री आठशिवाय कुणी घरी येत नाही."

केरूला ते पटलं. बाहेर मंदीत काय चाललंय ते त्याला दिसत होतंच. समोरच्या अर्धवट इमारतीवरची क्रेन वर्षभर एकाच दिशेला तोंड करून उभी होती. सुटं पीठ नेणारे कामगार दिसेनासे झाले होते. शेजारचा शिंपी एका सकाळी मशीनसकट गेला. केरू मनात म्हणायचा, गेलं ते गेलं, आपली बारा घरं हायेत.

डिसेंबरात खैरुद्दीनने त्याला समोर बसवलं. जागेचा करार संपत होता. "केरूभाई, इधर दो फ्रिज रखूँगा तो ठंडा बिकेगा. चक्की में अब क्या है? तुम बोलो."

"बारा घर है ना, भाई. एक भी नहीं टूटा."

खैरुद्दीन बराच वेळ दाढी खाजवत राहिला. "बारह घर पक्का? तो ठीक. चलने दो. वीज़ा भी रिन्यू कराता हूँ. तीन साल."

त्या रात्री केरूने गावी फोन लावला. प्रमिलाचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. मुलगा तिला मोटारसायकलवर बसवून संगमनेरला न्यायचा, दवाखान्याचा खर्च केरूच्या पगारातून निघायचा. पण मागचे दोन महिने ती एकच विचारत होती, कधी येता?

"गिरणी चालू राहती हाय," केरू म्हणाला. "बारा घरांचा नेम हाय, त्येंला सोडून कसं यावं? आन् तुझ्या दवाखान्याला पैसं नगं का?"

मग प्रमिला म्हणाली, "बारा घरं तिकडं. हिकडं येकच हाय."

"आगं, आसं काय बोलती?"

"काय न्हाई. म्या आपलं बोलले. तुमाला बरं वाटंल ते करा."

जुना व्हिसा दहा जानेवारीला संपत होता. नऊला केरूने पासपोर्ट खैरुद्दीनच्या हातात दिला. तो नव्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी सरकारी ऑफिसात गेला.

अठरा तारखेला, सोमवारी, गिरणी चालू असताना सदऱ्याच्या खिशातला फोन सात वेळा वाजला. दगडांच्या आवाजात केरूला ऐकू आला नाही. गिरणी थांबवून त्याने तो काढला, तेव्हा मुलाचे सात मिस्डकॉल होते. त्याने परत लावला, ऐकलं, "बरं" म्हणाला आणि फोन हातात धरून चाळणीशेजारी उभा राहिला.

खैरुद्दीनने भर दिवसा शटर खाली ओढलं. तीन ठिकाणी फोन केले, एकदा ओरडला, एकदा विनवणी केली. पासपोर्ट गुरुवारच्या आधी मिळणं शक्य नव्हतं. चार वाजता मुलाचा फोन आला. "आबा, उरकलं समदं. तुमी आता सावकाश या. दहाव्याला या."

गावाकडे ज्या घरात असं होतं तिथे चूल पेटत नाही. भावकीतलं कुणीतरी पिठलं-भाकरी घेऊन येतं, समोर बसवतं, पहिला घास खायला लावतं. तो खाल्ल्याशिवाय उठू देत नाही. केरूच्या खोलीत चार माणसं राहत. त्यातलं त्याच्याकडचं कुणी नव्हतं. खैरुद्दीनने पोरोटे आणि रस्सा आणून ठेवला. तो माणूस रात्री दहापर्यंत शेजारी नुसता बसून होता. केरूला घास उतरला नाही.

"किसी को मत बोलना, भाई," केरू एवढंच म्हणाला. सुतकातल्या हाताचं दळण कुणाला चालेल, कुणाला नाही. गुरुवार तर तोंडावर होता.

गुरुवारी सकाळी पिशव्या आल्या. खैरुद्दीनच्याच दारात त्या ठेवून ताई लगबगीने गेल्या. त्यांचं डोकं दुखत होतं. केरूने वीणाताईंचं दळण घेतलं तेव्हा दगड अर्ध्या फेऱ्याने आवळले. दोन बोटांत पीठ चोळून बघितलं, पुन्हा आवळले. दुपारी पासपोर्ट हातात आला. खैरुद्दीनने शनिवार संध्याकाळचं विमान बघून ठेवलं होतं. संध्याकाळी ताई पिशव्या न्यायला आल्या नाहीत. केरूने फोन केला तर मुलीने उचलला. "ममा हॅज फीवर, अंकल."

शुक्रवारी सुट्टी. घराघरात निवांत जेवणं होतात, आणि बारा घरांचं पीठ इथेच पडलेलं. केरूने खैरुद्दीनची डिलिव्हरीची सायकल काढली, पुढे पाच आणि मागे सात पिशव्या बांधल्या आणि निघाला.

मुरलीधरसाहेबांच्या इमारतीचा वॉचमन खुर्चीत ऊन खात होता. पिशवीवरचा नंबर ऐकून त्याने हात झटकला. "वो लोग? वो तो पिछले मार्च में गए. बच्चों का एग्ज़ाम हुआ, फ्लैट खाली. खलास."

शोभनाताईंचं दार एका फिलिपिनो बाईने उघडलं. तिने पिशवीकडे बघितलं, केरूकडे बघितलं, हसून मान हलवली आणि दार लावलं. वीणाताईंच्या गॅलरीवर भाड्याने देण्याची पाटी होती. ऊन-वाऱ्याने तिच्यावरचा फोन नंबर निम्मा उडाला होता. इतकी जुनी पाटी.

केरू तसाच पुढे गेला. अर्धवट सोडायचा त्याचा स्वभाव नव्हता. अकरा घरांपैकी एकाच घरात ओळखीचा चेहरा भेटला. बाई म्हणाल्या, "अहो, आम्हीसुद्धा पुढच्या महिन्यात चाललो. अनुपमा बोलली नाही का?"

त्या जिन्यात केरू पायरीवर बसला. त्याला हिशेब फार येत नसे, पण हा सोपा होता. घरं नसती तर खैरुद्दीनने डिसेंबरातच गिरणी मोडली असती. व्हिसा नवा झाला नसता. दहा तारखेच्या आत तो घरी पोचला असता. प्रमिला अठराला गेली. म्हणजे आठ दिवस.

आठ दिवस तो तिच्या उशाशी बसला असता.

तो उठला, पिशव्या सायकलला बांधल्या आणि बाराव्या घरी गेला.

"ममा, द फ्लाउर अंकल इज हिअर!" ईशानी दार उघडून ओरडली. आत ताईंचे यजमान गुणवंतसाहेब अर्ध्या चड्डीत, भर दुपारी दाढी वाढलेले. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसने त्यांना ऑक्टोबरातच घरी बसवलं होतं. हे केरूला आत्ता कळलं. हॉलच्या भिंतीला लागून तेलाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, तांदळाचं पिंप, झाकण न बसणारी एक बादली. हात घालायची गरज नव्हती. बाजरीचं पीठ पंधरा दिवसांवर गेलं की त्याला येतो तो खवट वास सबंध घराला होता.

शाल गुंडाळून अनुपमाताई बाहेर आल्या. त्यांनी केरूच्या हातातल्या पिशव्या बघितल्या, आणि भिंतीला हात लावला.

"तुम्ही वीणाकडे गेला होतात?"

"व्हय."

केरूने निळ्या फुलांची पिशवी पुढे केली. मग म्हणाला, "वीणाताईंला जाड झालं व्हतं म्हनं."

ताईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. "काय करू केरूभाऊ? तक्रार केली नसती तर तुम्हाला संशय आला असता. खैरुद्दीनभाई बारा घरांच्या जिवावर गिरणी ठेवतात हे मला माहीत होतं. म्हटलं, एक वर्ष रेटू या, माणसं परत येतील. आणि वहिनींचं डायलिसिस... तुमचा पगार बंद झाला तर?"

"लोक नोकऱ्या वाचवतायत, आणि ही गिरणी वाचवतेय," गुणवंतसाहेब म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. "निम्मं पीठ सफाईवाल्यांना वाटलं. तरी एवढं उरलं. वाढदिवसाला केकसुद्धा ज्वारीचा खाल्लाय आम्ही."

"इट वॉज हॉरिबल," ईशानी म्हणाली.

"आम्ही मार्चमध्ये पुण्याला चाललोय," ताईंनी डोळे पुसले. "पण तुमचा व्हिसा झाला ना?"

"झाला. तीन वर्सांचा."

"मग मिळवलं! तेवढं तरी झालं." त्यांच्या तापलेल्या चेहऱ्यावर खरंच समाधान आलं. "आणि वहिनी कशा आहेत?"

केरूने पिशव्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. सगळ्या नीट उभ्या केल्या.

"बऱ्या हायेत," तो म्हणाला. "उद्या जातो हाय मी गावाकडं. भेटून येतो."

"अरे वा! माझा नमस्कार सांगा त्यांना."

"सांगतो. आन् ताई, आता दळण आणू नगा. दगड लई झिजल्यात. टाकी लावून भागंना. खैरुद्दीनभाईला म्हणतो, ठिव बाबा तुझं फ्रिज."

तो जायला वळला तशा ताई आडव्या आल्या. "जेवणाच्या वेळेला कुठे निघालात? बसा. तापात दुसरं काही जमलं नाही, नुसतं पिठलं-भाकरी आहे. पण उपाशी पाठवणार नाही मी तुम्हाला."

केरू चपला दारात काढून, खुर्ची बाजूला सारून, जमिनीवर मांडी घालून बसला. ईशानीने ताट आणलं. ताई समोर स्टूल ओढून बसल्या.

"घ्या ना. असे बघत काय बसलात?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. बराच वेळ चावला. मग गिळला.

"झालीय ना बरी? मला तोंडाला चवच नाही."

केरूने मान हलवली. एक भाकरी संपली.

"अजून अर्धी?"

खाली घातलेली मान वर न करता त्याने ताट पुढे केलं.