तीन अंशांनी तिरका

मित्रांनो, मी एक जुना मॅग्नेटोमीटर आहे. नाव भारदस्त असले तरी आकाराने मी डाळीच्या दाण्याएवढा. पृथ्वीचे चुंबकत्व ओळखून उत्तर कुठे आहे ते सांगणे हे माझे काम. खाडी ओलांडणाऱ्या एका प्रवासी बोटीच्या दिशादर्शकात मी राहतो.

माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लावून, जायरो राहतो. बोट किती वळली हे तो क्षणात सांगतो. मी त्याला मनातल्या मनात जायरोबा म्हणतो, कारण कौतुक नेहमी त्याचेच. आम्हाला बसवणाऱ्या ताई बोट चालवणाऱ्या आपल्या वडिलांना म्हणाल्या होत्या, "बाबा, हा जायरो फार गुणी आहे. दुसरा जरा नाजूक आहे, लोखंड जवळ आलं की बहकतो." त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखू लागले. अहो, या गुणी बाळाला उत्तर दिशा ठाऊकसुद्धा नाही! तासभर चालला की त्याचा अंदाज सरकतो आणि मी गुपचूप त्याला जागेवर आणतो. त्याबद्दल मला कोणी कधी शाबासकी दिली नाही.

एका सकाळी दाट धुके पडले. बोटीत अकरा माणसे होती. हाताशी असावा म्हणून बाबांनी बुडाला चुंबक असलेला टॉर्च माझ्या डबीशेजारच्या लोखंडी पट्टीला चिकटवला. त्याची ओढ इतकी जबर होती की मी तिलाच उत्तर समजलो. जायरो म्हणत होता, बोट वळलेली नाही. मी म्हणत होतो, वळली आहे. दिशादर्शकाने थोडा वेळ दोघांचे ऐकले आणि मग माझी बाजू घेतली. खरे सांगतो, जायरोवर मात केल्याच्या आनंदात मला शंकासुद्धा आली नाही. बाबांनी पडद्यावरच्या बाणाप्रमाणे सुकाणू फिरवले.

खडकावर आपटणाऱ्या लाटा ऐकू आल्या तेव्हा त्यांनी घाईने इंजिन उलटे फिरवले. खडक वल्ह्याच्या अंतरावर राहिला होता. एक बाई बाळाला छातीशी धरून बसली होती.

धक्क्यावर पोचताच बाबा म्हणाले, "हे यंत्र टाकून दे."

ताईंनी पट्टीकडे पाहिले. "बाबा, हा टॉर्च इथे कधीपासून?"

बाबांनी टॉर्च काढून घेतला. "चूक माझीही आहे," ताई म्हणाल्या. "बसवताना घाई केली, याला नीट फिरवून पाहिलंच नाही."

त्यांनी आम्हाला आपल्या खोलीत नेऊन हातातले घड्याळ काढले, पक्कड दूर सारली आणि आम्हा दोघांना एकाच हातात धरून सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवले. प्रत्येक वळण जायरो सांगत होता आणि त्याच्याशी माझे ताडून पाहिले जात होते. निघाले काय, तर मी पहिल्या दिवसापासून तीन अंश तिरका बसलेला! नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय? आणि माझा वाकडेपणा मोजला कोणी, तर जायरोबाने.

"मग आता?" मागोमाग आलेल्या बाबांनी विचारले.

"किती वाकडा ते कळलं ना? तेवढं वजा करायचं."

मित्रांनो, मी आजही तिरकाच आहे. मत्सरही गेलेला नाही. जायरोचे कौतुक झाले की अजून दुखते, पण आता मी तेवढे वजा करून बोलतो. माझ्याजवळ चुंबक ठेवू नका. जागा बदललीत तर मला एकदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा. आणि तेव्हा जायरोला माझ्या शेजारीच राहू द्या.